ऊन लागलंय

कुठलंही वाळकं पान समोर धरा, बाई चष्मासुद्धा न लावता म्हणणार, "ऊन लागलंय." जास्वंदीचं असो, लिंबाचं असो. घाम पुसत वर्गात शिरणाऱ्या मुलीलाही तेच. सोलापुरात हे निदान बहुतेक वेळा बरोबर निघे, त्यामुळे बाईंचा ताठा दरवर्षी वाढतच गेला.

त्या वनस्पतिशास्त्र शिकवत आणि माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक होत्या. विषय त्यांनीच माझ्या गळ्यात मारला: चीड वृक्षाच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, वाळवणारी बुरशी. चीड हिमालयात, आम्ही सोलापुरात! बाईंच्या ओळखीचे एक वनाधिकारी रोगट सुया कुरियरने धाडत. "झाडं तिकडं मरू देत, बुरशी हितं वाढवू. तिला कुटं तिकीट लागतंय?" बाई म्हणत. मला हसू येत नसे. पण या बुरशीनंच झाडं मरतात हे आधी कुणी सिद्ध केलं नव्हतं, आणि ते माझ्या नावावर लागणार होतं.

बाईंचा नियम कडक. सुईवर बुरशी दिसली म्हणून ती दोषी ठरत नाही. ती काचेच्या बशीत वाढवायची, निरोगी रोपावर फवारायची, रोपाला तोच रोग झाला तर मान्य. ती रोपं जगवायला मी कूलरच्या खोलीत ओली गोणपाटं बांधत बसे. वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घाली. बाई दारातून म्हणत, "लई लाड चाललेत." रविवारी मात्र स्वतः येऊन गोणपाटं भिजवून जात. हे सांगायला हवं, पण जिवावर येतं.

एका सोमवारी एक कुंडी जागेवर नव्हती.

"सुया तांबूस झालत्या," बाई म्हणाल्या. "ऊन लागलंय. टाकली."

कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. फरशीवर त्या रोपाच्या गळलेल्या सुया तेवढ्या मिळाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तर तांबड्या पट्ट्यांवर बारीक काळे ठिपके. आमचीच बुरशी! रोग धरलेलं ते एकच रोप होतं. बाईंनी बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"फरशीवरचा पुरावा चालत न्हाय. पुन्हा कर की."

मी पुन्हा केलं. तोवर दुसरीकडच्या कुणाचा तरी त्याच बुरशीवरचा शोधनिबंध छापून आला. पदवी मला मिळाली, पण माझं काम दुसऱ्याच्या शोधाला दुजोरा देण्यापुरतं उरलं. तो राग आजही तसाच आहे.

बाईंच्या निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचे गोडवे गायले. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. नंतर शाल-नारळ सावरत बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"तुजी कुंडी मी टाकली. ऊन नव्हतं लागलं. मघाशी बोलायचं होतंस की, समदे होते."

चूक त्यांची, आणि चारचौघांत सांगायचं कामही माझंच! माझं डोकं फिरलं. नमस्कार न करताच मी खाली उतरले.

यंदा बाई गेल्या. शोकसभेत माईक माझ्यापुढे आला. या वेळी मी उठले, आणि कुंडीपासून सुरुवात केली.