ज्याचं इनाम, त्याचं नाव

आमच्या मामासमोर कोणी उगाच हात वर करू नये. तसा तो झेंडू पिकवणारा साधा माणूस, पण अकोटजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर दंडार उभी राहते, म्हणजे सोंगा-गाण्यांचा खेळ, भर चौकात, ना पडदा ना तिकीट, आणि तिचा म्होरक्या मामा. दंडारीची आमच्याकडे एक रीत आहे. बघणाऱ्यांतल्या कोणी हात वर केला की समजायचं, गड्यानं इनाम दिलं. लगेच सोंग थांबतं, ढोलकी कडकडते आणि मामा त्या माणसाच्या नावाचं कवन गातो. मग त्याची फर्माईशही ऐकावी लागते.

एका वर्षी निवडणुकीला उभं राहायची खाज असलेल्या एकानं इतक्यांदा हात वर केला की सोंगातले राजा-राणी राहिले बाजूला आणि गावानं संध्याकाळभर त्याचंच नाव ऐकलं. मामा तोंड पाडून घरी आला. माझी आई त्याची थोरली बहीण. तिला म्हणाला, यंदा झालं ते झालं, आता दंडार बंद, मले कोनाचा भाट नाई व्हायचं. ढोलकी बँडवाल्याला द्यायचंही त्यानं बोलून टाकलं.

मला असा राग आला म्हणता! मी अमरावतीत राजापेठेत शिकवणी घेते, दिवसभर पोरांशी डोकं लावते. सरकारशी लावायला काय जातं? केला अर्ज. ढोलकीची चामडी पानं, कपडे, येण्याजाण्याचा खर्च सरकारनं द्यावा. पुढच्या दिवाळीच्या आधी अमरावतीच्या एका कचेरीतून बोलावणं आलं. मामा फेटा बांधून, ढोलकीवाल्याला घेऊन एसटीनं हजर. सरकार नाही म्हणालं तर ढोलकी गेलीच, हे त्यानं मला जिन्यातच पुन्हा बजावलं.

साहेब सभ्य होते. म्हणाले, लोकांना आवडत असेल तर लोकच पैसे देतील, सरकारनं कशाला? झालं, माझी सटकली. मी म्हटलं, चौकाला दार कुठं लावू? चौकातल्या दिव्याखालून जाणाऱ्याला कोणी तिकीट मागतं का? सगळ्यांच्या पैशानं जळतो म्हणून सगळ्यांवर पडतो. ते म्हणाले, दिवा ही गरज आहे. मी म्हटलं, ज्या गावात चार माणसं एका जागी हसत नाहीत तिथं दिवा लावून पाहायचं काय?

साहेबांनी विषय बदलला. जरा गाऊन दाखवा म्हणाले. मामाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं असा काही सूर लावला की शेजारच्या खोल्यांतले बाबू दारात गोळा झाले, चहावाला किटली घेऊन आत आला. साहेब ओशाळले आणि पुरे म्हणून त्यांनी हात वर केला.

घ्या! मामानं हात पाहिला. ढोलकी कडकडली. टेबलावरच्या पाटीवरून मामानं साहेबांचं नाव उचललं आणि 'दिलदार दाता' म्हणून घोळून घोळून गायला लागला. बाबूंनी टाळ्यांचा ठेका धरला. मला हसू दाबता दाबता ठसका लागला. कशीबशी मी साहेबांना रीत सांगितली. ते लालबुंद झाले, मग खो खो हसले आणि त्यांनी खिशातलं पाकीट काढलं.

मामाचा हात सवयीनं पुढं गेला. मी त्याचं मनगट धरलं. रागात माझी शाळेतली मराठी पळून जाते.

"सायेब, तुमच्या खिशातलं नोको. तुमी देल्लं तं तुमचं नाव गावं लागन. सगळ्यायच्या पैशातलं द्या. मंग दंडार कोनाचीच बटीक राह्यत नाई."

साहेबांनी पाकीट मिटलं. मग ते खिशात ठेवलं आणि आमचा अर्ज पुढं ओढला.

दिवाळीनंतर दंडार उभी राहिली. सरकारचं इनाम आलंय असं मामानं चौकात सांगितलं आणि अडला. नाव तर गायलाच पाहिजे. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हातानंच सगळा चौक दाखवला.

मग काय, सुटला तो. पहिल्या रांगेपासून एकेक नाव. न्हावी, ऑटोवाला, पंक्चरवाला, सगळे दिलदार दाते. लोक हसून हसून बेजार. मग बायांची नावं लागली. आजवर इनाम पुरुषच देत, त्यामुळं त्या चौकात बाईचं नाव कधी कोणी गायलंच नव्हतं. बाया आधी लाजल्या, मग एकमेकींना कोपरं मारायला लागल्या.

आणि माझ्या आईचं नाव आलं. जन्मभर याच चौकात ती भाजी विकते. पदर तोंडाशी धरून मला म्हणाली, "म्या कवा देल्ले वं पैसे?"

"साबनाच्या वडीवर कर देतं नं माय. रोजच देतं."

तिनं जरा विचार केला. मग पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भर चौकात हात वर केला. तिला फर्माईश करायची होती.