एकोणीस वर्षांचा कुत्रा

नवे स्वयंसेवक यायचे त्या दिवशी काकू एक खुर्ची कमीच मांडत. बारा नावं आली की अकरा खुर्च्या. एक जण ऐनवेळी येत नाही म्हणजे नाहीच, हे सतरा वर्षांत त्यांना पाठ झालं होतं. आणि बारावा आलाच, तर तो मागे उभा राहतो, आणि पहिल्या दिवशी बिनतक्रार उभा राहिलेला माणूस टिकतो, असाही त्यांचा एक ठोकताळा होता. आजवर असे दोनच जण निघाले, ही गोष्ट वेगळी.

संस्थेचं ऑफिस रंगाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातच टर्पेंटाईनचा वास नाकात शिरे आणि घरी जाईपर्यंत निघत नसे. काम सांगायला सोपं होतं. दूरच्या एका देशातल्या खेड्यांमधली मुलं शाळेत टिकावीत म्हणून इथला एकेक स्वयंसेवक तिथल्या एकेका मुलाला महिन्याला एक पत्र लिही. भाषा दोन्हीकडे मोडकीतोडकी येणारी, तिसरीच. पत्र मुलाच्या घरी जात नसे, शाळेत जाई आणि वर्गात हजर असेल त्यालाच मिळे. पत्राच्या ओढीनं मूल शाळेत येतं, एवढीच काय ती युक्ती. काकूंचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणत, ‘उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा आहे तुझा!’ पण शेळ्या खरोखरच हाकल्या जात होत्या. त्या गावांत पूर्वी दहातली सहा मुलं शाळा सोडत, आता दोन सोडत.

बिघाड व्हायचा तो उंटावर. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांचे नव्वद असत. तीन महिन्यांनी कुणाची बदली होई, कुणाचं लग्न ठरे, कुणाला कंटाळा येई. तिकडचं मूल मात्र लिहीतच राही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा काकूंना ‘तुझे दादा आता लिहिणार नाहीत’ हे वाक्य काही लिहवेना. म्हणून त्यांनी दादाच्याच नावानं एक पत्र पाठवलं, तात्पुरतं. या जगात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नाही. आज काकूंच्या टेबलाच्या खालच्या खणात आठ गळालेले स्वयंसेवक गुण्यागोविंदानं नांदत होते. आठ जणांची आठ अक्षरं, आठ स्वभाव. गफलत नको म्हणून एक वही केली होती. ‘नर्सबाई : नेहमी घाईत. सहीखाली फूल काढते.’ ‘शिक्षक : विनोद करतो, बरे नसतात.’ ‘इंजिनियर : कुत्रा आहे. कुत्र्याचं हवं.’

या कुत्र्यानं काकूंना फार छळलं. सहा वर्षांपूर्वी इंजिनियरनं दुसऱ्याच पत्रात लिहून टाकलं होतं की माझा कुत्रा तेरा वर्षांचा आहे. त्यानंतर तो गळाला. तिकडची मुलगी तेव्हा दहा वर्षांची. पहिल्या पत्रात तिनं खार काढली होती म्हणून काकू तिला मनात खारूताई म्हणत. दर पत्रात ती विचारी, कुत्रा कसा आहे? आता दादाला पळवून वर कुत्र्यालाही मारायचं म्हणजे अतीच झालं. मग कुत्रा चपला पळवत राहिला, सोफ्याखाली अडकत राहिला, आणि बघता बघता एकोणीस वर्षांचा झाला. यजमान म्हणाले, ‘डॉक्टर कोण त्याचा? मलाही पत्ता दे.’

खारूताईच्या पत्राचा शेवटही ठरलेला असे. ‘आई बरी आहे. ती तुमच्या कुत्र्याची चौकशी करते.’

या वर्षी काकू थकल्या होत्या, आणि हे दमणं झोपून जाणारं नव्हतं. स्वागताचं तेच भाषण करताना त्यांना स्वतःचाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटे. राजीनामा लिहून तो महिनाभर पर्समध्ये ठेवला होता. लेकीकडे जाऊन राहायचं ठरलं होतं. यजमानांनी बॅगासुद्धा माळ्यावरून काढून पुसून ठेवल्या होत्या.

त्यात खारूताईचं पत्र आलं. ‘दादा, घरी काम वाढलं आहे. मी पुढच्या महिन्यापासून शाळेत येणार नाही.’ शेवटची परीक्षा चार महिन्यांवर आलेली. काकूंनी इंजिनियरच्या उभट अक्षरात तातडीनं उत्तर लिहिलं, ‘आईशी बोल. आई तुझ्या बाजूची आहे, ती वडिलांना समजावेल.’ त्यावर दोन ओळी आल्या. ‘बरं दादा. आई बरी आहे.’ कुत्र्याची चौकशी नव्हती. काकूंनी कागद उलटून बघितला, मागेही काही नव्हतं.

आणि नेमके त्याच आठवड्यात नवे संचालक बोलले. संचालक म्हणजे काकूंच्या लेकीच्या वयाचा, हसतमुख गृहस्थ.

“काकू, पत्रं आता पुरेत. तिकडच्या शाळांत कॉम्प्युटर लागलेत. येत्या शनिवारपासून समोरासमोर बोलायचं. किती छान ना?”

“छानच,” काकू म्हणाल्या. आठ माणसांची अक्षरं काढता येतात, आठ तोंडं कुठून आणणार?

सात जणांचं त्यांनी कसंबसं निभावलं. ‘नर्सबाई परगावी गेल्या, आता तुझ्याशी या नव्या ताई बोलतील,’ असं ज्याच्या त्याच्या शाळेला कळवून टाकलं. मुलं लहान होती, चालवून घेतील. खारूताईचं तसं नव्हतं. तिचा एक पाय शाळेच्या बाहेर पडलेला होता, आणि दुसरा धरून ठेवायला एक दादाच काय तो होता. शेवटी काकूंनी इंजिनियरला फोन लावला.

“कोण मुलगी?” तो म्हणाला. आवाजात तिरसटपणा नव्हता, फक्त आठवत नव्हतं. “काकू, मी दोनच पत्रं लिहिली होती हो. ती अजून लिहिते?”

“लिहिते. तुझा कुत्रा कसा आहे?”

“तो? तो त्याच वर्षी गेला. का बरं?”

“सहजच,” म्हणून काकूंनी फोन ठेवला.

नव्या तुकडीत एक विमा एजंट होता. वय तिशीचं, गोड बोलणारा, पहिल्याच दिवशी सगळ्यांना चहा ओतून देणारा. काकूंचं तोंड उतरलेलं त्यानंच हेरलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ऐकून तो दचकला नाही की हसला नाही.

“त्यात काय एवढं? मी होतो दादा! तिनं कुठे बघितलंय त्यांना? वही द्या, पाठ करतो.”

काकूंनी वही दिली. का दिली, तर थकलेल्या माणसाला आयता खांदा नको असतो थोडाच? पठ्ठ्यानं तीन दिवसांत सहा वर्षं पाठ केली. कुत्र्याच्या गमती तर तो काकूंपेक्षा रंगवून सांगू लागला.

शनिवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसला. काकू खिडकीशी उभ्या राहिल्या. यजमान चार वाजता घ्यायला येणार होते, राजीनामा द्यायचा तोही आजच.

“परीक्षेपर्यंत सांभाळाल ना हिला?” काकूंनी विचारलं.

“म्हणजे काय! तीन महिने फुल्ल तुमचे. तीन महिन्यांनी मात्र माझी दुसऱ्या शाखेत बदली आहे. तेव्हा आणखी कुणाला तरी... तुम्ही बघालच की.” आपणही नव्वद दिवसांचेच, हे मग त्याच्याही लक्षात आलं असावं.

अक्षर कुणाचंही काढता येतं. उद्या या तोंडाच्या जागी दुसरं तोंड आणून बसवलं, तर ती पोर काय म्हणेल? आणि बसवायचं कुणी? काकूंना एकाएकी या सगळ्याचा, एजंटचा, खणाचा, वहीचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा वीट आला.

“उठा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मी बसते.”

पडद्यावर आधी एक भिंत दिसली, मग एक मास्तर, मग खुर्चीत अवघडून बसलेली एक किडकिडीत मुलगी. वेण्या घट्ट, बोटांची नखं काळवंडलेली. ती पडद्यात इकडेतिकडे शोधू लागली.

“दादा कुठे आहेत?”

काकू मनाशी केलेली सगळी जुळवाजुळव विसरल्या. “दादा सहा वर्षांपूर्वीच गेले गं. म्हणजे, आहेत, चांगले आहेत, पण इथून गेले. त्यांनी दोन पत्रं लिहिली. बाकीची सगळी मी लिहिली. तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिली. माझं चुकलं.”

मागे वर्गात कुणीतरी बाक ओढला. काकूंना वाटलं, आता ही उठेल आणि जाईल, आणि ती शाळेतून गेली तर ते पाप आपल्याच डोक्यावर.

“कुत्रा?” मुलीनं विचारलं.

खोटं सांगायची ती शेवटची संधी होती, आणि तोंडात उत्तर तयारही होतं, नुकतीच त्यानं कुणाची तरी चप्पल पळवली होती.

“नाही गं,” काकू म्हणाल्या. “तोही नाही. केव्हाच गेला.”

मुलीनं मान हलवली. रडली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती खाली बघत राहिली, आणि मग तशीच खाली बघत म्हणाली,

“माझी आई पण.”

“काय?”

“आई पण गेली. दोन वर्षं झाली. तुम्ही कुत्र्याचं एवढं हसून लिहायचात. मग तुम्हाला कसं सांगणार?”

दोन वर्षांची पत्रं काकूंच्या डोळ्यांपुढून गेली. आई बरी आहे. आई बरी आहे. आणि आपण दर वेळी काय लिहिलं, तर आईशी बोल. त्यांनी तोंडावर पदर धरला. खिडकीशी उभा असलेला एजंट पाठ करून बाहेर बघू लागला.

रडून घ्यायला वेळ नव्हता, शाळेनं वीसच मिनिटं दिली होती. काकूंनी नाक पुसलं आणि वही उलटी करून कोरं पान काढलं.

“घरी स्वयंपाक कोण करतं?”

“मी.”

“किती जणांचा?”

“वडील, तीन भाऊ आणि मी. पाणी पण मीच आणते.”

“धाकटा केवढा?”

“बारा.”

“बारा? मग त्याला हात नाहीत का? वडिलांना आण इथे पुढच्या शनिवारी. काम आहे म्हणाले तर म्हणावं, संस्थेच्या बाईंनी बोलावलंय, आणि बाई खवट आहेत.”

मुलगी पहिल्यांदा हसली, थोडीशी. मास्तरांनी मागून वेळ झाल्याची खूण केली. ती उठली, पुन्हा बसली.

“पुढच्या शनिवारी कोण असेल?”

“मीच.”

“आणि त्याच्या पुढच्या?”

जिन्यात यजमानांच्या पावलांचा आवाज आला. ते नेहमीच पंधरा मिनिटं आधी येत. दारात येऊन त्यांनी घड्याळ दाखवलं. राजीनाम्याची पर्स टेबलावरच होती.

“त्याच्या पुढच्याही,” काकू म्हणाल्या. आणि पडद्यावरून नजर न काढता यजमानांना म्हणाल्या, “बॅगा माळ्यावर ठेवून द्या हो. चार महिने.”