पासपोर्ट कपाटात ठेवून साल्झबुर्ग

मी माझ्या बापाला पासपोर्टाशिवाय दुसऱ्या देशात नेलं. चूक माझी, पूर्णपणे माझी. हे मी आज इथे लिहितोय, कारण जिथे म्हणायला हवं होतं तिथे म्हटलं नाही.

म्युनिकमधल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक लाडका समज आहे. बायर्न तिकीट काढलं की आमच्या बायर्न राज्यातल्या कुठल्याही साध्या गाडीत दिवसभर हिंडता येतं, आणि त्याच तिकिटावर साल्झबुर्गलाही जाता येतं. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात आहे हे आम्हाला ठाऊक असतं; तंबाखूने कॅन्सर होतो हे खाणाऱ्याला ठाऊक असतं तसं. पण तिकीट चालतं ना? मग ते आपलंच. गावी सांगायला दुसरा देश, आणि कागदपत्रांपुरतं शेजारचं गाव.

बाबा परभणीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि ते घरात एकटे होते. नव्वद दिवसांच्या व्हिसावर माझ्याकडे आले, त्यातले साठ संपलेही. मला एकच हवं होतं, त्यांनी दर उन्हाळ्यात आमच्याकडे यावं. विचारलं की म्हणायचे, "बघू." अव्वल कारकुनाचं 'बघू' म्हणजे फाईल कपाटाच्या मागे पडली, हे मी लहानपणापासून जाणतो. म्हणून ठरवलं, एका दिवसात यांना इतकं दाखवायचं की 'हो' म्हणूनच परत आले पाहिजेत.

एक्सेलमध्ये दौरा आखला. सात तासांत अकरा ठिकाणं. किल्ला, बाग, कॅथेड्रल, एका थोर संगीतकाराचं जन्मघर, मग त्याच संगीतकाराचं राहतं घर. 'बारा चाळीस ते बारा पन्नास : लघुशंका (ऐच्छिक)' अशीही एक ओळ होती. बाबांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"पालकमंत्र्यांचा दौरा असाच असायचा," ते म्हणाले. "पण त्यांना जेवायला वेळ ठेवायचो आम्ही."

शनिवारी सकाळी निघताना त्यांच्या गळ्यात नेहमीचं कापडी पाऊच होतं. पासपोर्ट, विम्याचा कागद आणि दोन्हींच्या झेरॉक्स. ते घातल्याशिवाय बाबा कोपऱ्यावरच्या बेकरीतसुद्धा जात नसत.

"बाबा, ते काढा हो. लांबूनच टुरिस्ट दिसता. गर्दीत कुणी मारलं तर वकिलातीच्या चकरा."

"पण परदेशात चाललोय ना आपण?"

"अहो, बायर्न तिकीट आहे!"

"बरं, निदान झेरॉक्स तरी—"

"बाबा!"

पाऊच मी माझ्या हाताने त्यांच्या गळ्यातून काढलं आणि कपाटात ठेवलं. माझं स्वतःचं रेसिडेन्स कार्ड पाकिटात होतं. ते असतंच. बायको तापाने अंथरुणावर होती, नाहीतर तिने मला दारातच अडवलं असतं.

साल्झबुर्ग सुंदर आहे म्हणतात. मी मोबाईलमधलं घड्याळ बघत होतो. नदीकाठी एका बाकावर बाबा टेकले. पाणी हिरवट आणि भलतंच घाईत होतं.

"दहा मिनिटं बसू या रे. गंगाखेडला तुझी आई नि मी एकदा—"

"बाबा, बसायचं तर परतीच्या गाडीत दोन तास बसायचंच आहे."

ते उठले. गंगाखेडला काय झालं होतं ते मला अजून माहीत नाही. संगीतकाराची दोन्ही घरं मात्र बघून झाली. अकराच्या अकरा ठिकाणांपुढे मी टिक केली. त्यांचे पाय सुजलेत हे परतीच्या गाडीत त्यांनी बूट काढले तेव्हा दिसलं.

सीमा ओलांडली की जर्मनीतलं पहिलं स्टेशन फ्राइलासिंग. तिथे दोन पोलिस डब्यात चढले. आदल्या वर्षी निर्वासित आले तेव्हापासून या गाड्या तपासल्या जात होत्या. मी बातम्यांत वाचलं होतं. बातम्यांतलं सगळं इतरांसाठी असतं, अशी माझी समजूत. माझं कार्ड त्यांनी बघून परत दिलं. मग बाबांकडे हात पुढे केला.

आम्हाला उतरवलं. डब्यातल्या लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये बघायचा सभ्यपणा दाखवला. बाबा सुजलेल्या पायांवर बूट अर्धवट चढवून, माझा दंड धरून खाली आले.

स्टेशनातल्या एका खोलीत बसवलं. तरुण पोलिसाने मला जर्मनमध्ये विचारलं, यांचा पासपोर्ट कुठे आहे? कायमच्या वास्तव्याचा माझा अर्ज त्याच महिन्यात गेलेला. बिनकागदाचा माणूस सीमेपार नेला, असं माझ्या नावापुढे कुणी लिहिलं तर? डोक्यात एवढंच होतं. त्यात बाप कुठेच नव्हता.

"आल्झो," मी सुरुवात केली. खोटं बोलण्याआधी 'आल्झो' म्हणावं, जुळवाजुळव करायला वेळ मिळतो. "आल्झो, वडील म्हातारे आहेत. पासपोर्ट घ्यायला विसरले. हल्ली विसरतात."

बाबा शेजारीच पाठ ताठ करून बसले होते. त्यांना जर्मन येत नाही, या एका गोष्टीवर मी निर्धास्त होतो.

बायकोने तापातून उठून कपाट उघडलं, पासपोर्टाचे आणि व्हिसाचे फोटो पाठवले. पडताळणीला दीड तास गेला. मग तो पोलिस आला. भला होता बिचारा. बाबांसमोर वाकून, हळू, स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "काळजी करू नका, सर. तुम्ही पासपोर्ट घरी विसरलात, असं तुमच्या मुलाने सांगितलं. या वयात होतं असं. पुढच्या वेळी मुलाला आठवण करायला सांगा."

बाबांचं इंग्रजी मॅट्रिकपासून पक्कं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

याच माणसाने एका खोट्या नोंदीवरून तहसीलदाराशी भांडण काढलं होतं. चूक माझी नाही, मी सही करणार नाही. त्यापायी बदली झाली आणि आम्ही सगळ्यांनी दोन वर्षं किनवटला काढली. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, असंही वाटलं.

"येस सर," बाबा म्हणाले. "आय फरगॉट. सॉरी फॉर द ट्रबल."

आणि स्वतःहून हात जोडले. त्या पोराला.

पुढच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. रोझेनहाइम स्टेशन येईपर्यंत, जवळजवळ तासभर, ते खिडकीबाहेर बघत राहिले. माफी मागायला मला तेवढा वेळ पुरला असता. मी काय केलं? दिवसाचं फलित पदरात पाडून घ्यायला गेलो.

"बाबा, मग पुढच्या उन्हाळ्याचं काय ठरवायचं? याल ना?"

या खेपेला ते 'बघू' म्हणाले नाहीत.

"नको रे," ते म्हणाले. "मी तिकडे एकटा बरा. तू उद्या आणखी काय माझ्या नावावर टाकशील, भरवसा नाही."