सॅकरिन गोड लागलंच नाही

स्वतःच्या छातीच्या एक्स-रेवरचं अक्षर मी दाढीच्या ब्लेडनं खरवडून काढलं आणि फिल्म उलटी करून डॉक्टरांना दाखवली. ही चूक १९७८ सालची. ती उघडी पडली सहा वर्षांनी, छातीच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी डावीकडं लावलेला स्टेथोस्कोप उचलून उजवीकडं टेकवला तेव्हा.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमचं हृदय उजव्या बाजूला आहे. आजवर कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. एक्स-रे काढणाऱ्या शब्बीरभाईंनी सांगितलं होतं.

फिल्मच्या कोपऱ्यात डावी-उजवी बाजू कळावी म्हणून शिशाचं एक इंग्रजी अक्षर उमटवतात. त्या अक्षराप्रमाणं फिल्म धरली तर माझं हृदय उजवीकडं दिसत होतं. मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवणारा. मी शब्बीरभाईंना म्हटलं, अक्षर चुकलंय.

"अक्षर चुकत न्हाय माझं, सर. काळीजच तुमचं तिकडं हाय."

"माणसाचं हृदय डावीकडं असतं. नववीच्या पोरांना विचारा."

"नववीच्या पोरांचं असंल की. मी तुमचं म्हणतोय."

मी घरी येऊन ब्लेड घेतलं. अक्षर खरवडलं, फिल्म फिरवली, हृदय डावीकडं आलं. एका कष्टाळू माणसाची चूक झाकली म्हणून स्वतःवर खूशही झालो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाला धरली. फुप्फुसाच्या तळाशी डाग दिसत होते, खोकला लहानपणापासूनचा होता. त्यांनी टीबी ठरवला. स्टेथोस्कोप त्यांनीही लावला होता, पण माझ्या छातीत कफ इतका वाजायचा की ठोके कुठून येतायत हे ऐकू यायचं नाही. दीड वर्ष इंजेक्शनं घेतली. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. खोकला जागचा हलला नाही. मी वर्गात पोचायच्या आधी माझा खोकला पोचायचा आणि पोरं शहाण्यासारखी बसलेली असायची, एवढाच त्याचा उपयोग.

हे सगळं लिहितोय ते, माझ्यासारखा जन्माचा खोकला घेऊन कुणी दवाखान्यांच्या बाकांवर बसला असेल तर त्याच्यासाठी. आणि त्याहून जास्त, त्याच्या बायकोसाठी.

डॉक्टरीणबाईंनी पुढचे प्रश्न विचारले. सर्दी बारमाही? हो. लहानपणी कान वाहायचे? हो. मुलं किती?

"नाहीत. लग्नाला अकरा वर्षं झाली."

"तपासण्या केल्या?"

"बायकोच्या सगळ्या केल्या."

"आणि तुमच्या?"

"मला काय झालंय?" असं मी म्हणालो. म्हणताना मला खोकल्याची उबळ आली आणि वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

बाई हसल्या नाहीत. मला असलेल्या आजाराला त्यांनी ब्राँकिएक्टेसिस म्हटलं. म्हणजे श्वासनलिका फुगून सैल पडतात आणि त्यांत कफ साठून राहतो. हृदय उजवीकडं असण्याला डेक्स्ट्रोकार्डिया म्हणतात. ही दोन्ही दुखणी एकाच माणसात आली की त्यामागं तिसरंच काही असू शकतं, त्याचं नाव इम्मोटाइल सिलिया सिंड्रोम. सिलिया म्हणजे पक्ष्माभिका. त्या माणसाच्या जन्मापासूनच हलत नाहीत.

पक्ष्माभिका! दर वर्षी रंकाळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचो आणि पॅरामिशियम दाखवायचो. एका पेशीचा जीव, अंगभर बारीक केस, ते वल्ह्यांसारखे मारत तो सरसर पळतो. युग्लीना एकाच लांब शेपटीवर पोहतो, ती कशाभिका. हे मी बारा वर्षं घसा खरवडून शिकवलं. तसलेच केस आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर असतात, रात्रंदिवस हलत कफ वर ढकलत असतात, हेही शिकवलं. माझ्या घशात मात्र कफाला वर ढकलणारं कुणी नव्हतं.

"आणि पुरुषाच्या शुक्रपेशीची शेपटी," बाई म्हणाल्या, "ती कशाभिकाच. रचना तीच. तुम्हाला सांगायला नको."

सांगायला हवं होतं. हे दोन धडे मी नेहमी वेगवेगळ्या तासांना घ्यायचो.

गर्भात हे केस हलले नाहीत तर हृदयानं कुठल्या बाजूला जायचं हे नशिबावर पडत असावं, असं काही संशोधकांना वाटतं, हेही त्यांनी सांगितलं. पक्कं कळायला पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. ते इथं नव्हतं. इथं होती सॅकरिन टेस्ट. नाकपुडीत आत सॅकरिनचा कण ठेवतात. केस हलत असतील तर ते कण घशाकडं नेतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत जिभेला गोड लागतं. तोवर नाक ओढायचं नाही, शिंकायचं नाही, खोकायचं नाही.

मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी सुशीला, माझी बायको. हुपरीची, चांदीकामाच्या घरातली. तासन्‌तास खाली मान घालून पैंजणांच्या कड्या जोडणाऱ्या माणसांत वाढलेली, त्यामुळं वाट बघायला ती कधी कंटाळली नाही. पुढच्या गुरुवारी तिच्या गर्भनलिकेचं ऑपरेशन ठरलं होतं. पोट उघडायचं होतं. त्याआधी गर्भपिशवी साफ करायचं दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा या सहा वर्षांत. पिशवीत औषध सोडून एक्स-रेही काढून झाला होता. गल्लीतल्या डोहाळजेवणाचा स्वयंपाक तिच्याकडून करून घ्यायचे आणि ओटी भरायची वेळ आली की तिला आत पापड तळायला पाठवायचे. पाठवणारी बहुतेक वेळा माझी आईच असायची.

वीस मिनिटं झाली. गोड लागेना.

सुशीलानं भुवया उडवून विचारलं. मी मान हलवली. मग तिची पाठ वळलेली बघून मी हळूच, पण जोरात, नाक ओढलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांचे कान उपटणारा मी! जीभ गोड झाली आणि मी टुणकन उठलो.

बाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

"ओढलंत?"

"थोडंसं."

"उद्या परत या. या नर्स समोर बसतील."

दुसऱ्या दिवशी एक तास आणि वर दहा मिनिटं बसलो. समोर नर्स लोकर विणत होत्या, त्यांची नजर सुईवर कमी आणि माझ्या नाकावर जास्त. गोड लागलंच नाही.

नंतरची तपासणी, वीर्याची, मी सुशीलाला न सांगता केली. मला सूक्ष्मदर्शकात बघू द्या म्हणून लॅबवाल्याच्या मागं लागलो. त्यानं रंग टाकून ठेवला होता. मेलेल्या पेशी रंग पितात, जिवंत पीत नाहीत.

"बगा सर. जित्या हायती. पण हालंना झाल्यात."

मी डोळा लावला. शेकडो होत्या. डोकं नीट, शेपटी नीट, रंग न प्यालेल्या, आणि सगळ्या जागच्या जागी. मी काच बोटानं टिचकावली. लॅबवाला म्हणाला, "टिचक्या मारून काय हुतंय सर?"

मी सात दिवस गप्प राहिलो. भित्रा होतो, दुसरं कारण नाही. शाळेत गेलो, उत्क्रांतीचा धडा घेतला, जेवलो, खोकलो. ऑपरेशन झालं तर होऊ दे, कदाचित तिच्यातही काही सापडेल आणि दोष निम्मा निम्मा होईल, असाही विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. तो इथं लिहायला नको होता, पण आला होता.

बुधवारी दुपारी ती दवाखान्याची पिशवी भरत होती. दोन जुनी लुगडी, तांब्या, फणी. मी तिला बसवलं आणि वहीच्या कागदावर शुक्रपेशी काढली. शेपटीचा आडवा छेद काढला, कडेनं नळ्यांच्या नऊ जोड्या, मधे दोन. शेपटी वाकवणारे बारीक हात त्या जोड्यांना असतात, माझ्यात ते नसावेत, असं बाणबिण काढून सांगितलं.

तिनं आकृती नीट बघितली.

"म्हंजे माझ्यात काय न्हाय?"

"नाही."

"उद्या पोट फाडायचं न्हाय?"

"नाही."

"कवा कळलं?"

मी खोटं बोलणार होतो, पण बोललो नाही. "गेल्या बुधवारी."

तिनं पिशवीतली एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवली. मग म्हणाली, "आत्याबाईस्नी सांगा. माझ्यासमोर न्हाय. तुमचं तुम्ही."

आई पुढच्या खोलीत गहू निवडत होती. मी सांगितलं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"तिनंच भरवलं आसंल तुझ्या डोस्क्यात."

"आई, मी डोळ्यांनी बघितलं. दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नव्हतं, कधीच नव्हतं." हे बोलताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्यांचा रेडिओ बारीक झाला.

आई गहू निवडत राहिली. मग एकच वाक्य बोलली, "मग तिला येवढी वर्सं मी काय काय बोलले रं?" मला तिच्याकडं बघवेना.

या आजाराला औषध नाही. सकाळी खाटेवरून डोकं खाली सोडून पालथं पडायचं आणि कुणीतरी पाठीवर थापट्या मारून कफ मोकळा करायचा, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी हे सुशीलाला शिकवलं आणि ती ते रोज करते. त्या बाईंचे आणि तिचे उपकार मी मानतो. वाचणाऱ्या गड्यांना एकच सांगतो. घरात पाळणा हलत नसेल तर पहिली तपासणी आपली करा. त्या तपासणीत पोटात औषध सोडावं लागत नाही आणि टाकेही पडत नाहीत. आम्हाला मूल झालं नाही. ते आता आम्ही मान्य केलंय, रोज नव्यानं करावं लागतं एवढंच.

आईला सांगितलं त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. सुशीला भाकरी थापत होती. मनातून माझी अपेक्षा होती की ती काहीतरी बरं बोलेल. मी म्हटलं, "सांगितलं आईला. सगळं. स्पष्ट."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"आणि शाबासकी घ्यायला आलासा व्हय? पिशवी साफ कराय दोन्ही टायमाला मला टेबलावर आडवी केल्ती, तवा तुम्ही दारात बसून सहामाहीचं पेपर तपासत होतासा."