आस सुटली

देवजीच्या गॅरेजात कोणी 'एक्सल' म्हणालं, की तो मान फिरवायचा. "आस म्हन!" ऐंशी सालातली ही गोष्ट, तुर्भ्याच्या ट्रकरस्त्यावरची. त्याचा बाप बैलगाडीने मीठ ओढायचा. दोन चाकांमधला दांडा म्हणजे आस, आणि बापाचा शब्द मोटारीसाठी बदलायला देवजी तयार नव्हता. मिठागराची जमीन मोजून नव्या शहरासाठी घेतली, गाडी चुलीत गेली, शब्द तेवढा राहिला. त्याला कोणी हात लावला, की देवजीचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. आणि आवाज काय होता! माईक नसलेल्या काळातल्या एखाद्या नाटक मंडळीने त्याला खांद्यावर बसवून नेलं असतं.

त्या दिवशी तो सकाळपासूनच पेटला होता. समोर वाशीच्या वामनरावांची पंचवीस वर्षांची काळी मोटार, मागचं डावं चाक काढून ठोकळ्यावर उभी. आतलं बेअरिंग गेलेलं. ते बदलायचं तर आस बाहेर ओढायला हवी, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत ती भोवतीच्या नळीत गंजून घट्ट बसलेली. त्यात आधीच्या कारागिराने घणाने ठोकून तिचं तोंड चेचलेलं.

"मिस्त्री व्हता का दगड फोरनारा?"

वामनरावांचा मुलगा जयप्रकाश घड्याळ बघत होता. "चार वाजेपर्यंत बघा. नाहीतर भंगारवाल्याचा टेम्पो पाठवतो. सोसायटीत जागा नाही, उगाच टेन्शन."

"वामनराव काय बोलतान?"

"बाबांना काय विचारायचं? त्यांना धड दिसतही नाही."

"गारी मेली नाय, गंजलीय! गंजलेलं भंगारात, तं मंग बापाला कवा देताव?"

जयप्रकाश लालबुंद झाला. "ऑफिसात फोन करून कळवा," म्हणाला आणि निघून गेला.

देवजीने रॉकेल ओतलं, ब्लोलॅम्पने नळी तापवली, साखळी लावून ओढलं. आस ढिम्म. मग त्याने चाकाचा जड ड्रम उचलला, उलटा करून आसेच्या बोल्टांवर अडकवला आणि नट नुसते टोकाला चढवले. आता ड्रम बोल्टांवर मागेपुढे सरकत होता. दोन्ही हातांनी त्याने तो स्वतःकडे हिसकला. ड्रम नटांवर आदळला. धाड! अडकलेली आस आत ठोकून निघत नाही, तिला बाहेरच्या बाजूने धक्के द्यावे लागतात.

"ही धडक मिठागराची!" धाड. "ही जमीन मोजनाऱ्याची!" धाड. "ही त्या घड्यालवाल्याची!"

किती हिसके झाले कोण जाणे. शेवटी आत काहीतरी किंचाळलं आणि आस मांडीवर घेऊन देवजी पाठीवर पडला.

तो तसाच ग्रीसच्या हातांनी शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे धावला. फोनवर ओरडला, "साहेब, आस सुटली!" आणि रिसीव्हर आपटला.

तासाभरात टेम्पो दारात आला. खांद्यावर आस घेऊन देवजी आडवा उभा राहिला.

"कोनी पाठवला तुला?"

"साहब ने भेजा," भंगारवाला म्हणाला. "बोले, मेकॅनिक ने उम्मीद छोड दी."

"मी? मी उमेद सोरली?"

टेम्पोच्या केबिनमधून काठीने चाचपत वामनराव उतरले. गाडीचा निरोप घ्यायला आले होते. देवजीने ती जड, तेलकट आस सरळ त्यांच्या हातांत ठेवली. वामनरावांनी बोटं फिरवली. ते मूळचे साताऱ्याकडचे.

"आस ही! आमच्या बैलगाडीला होती..." ते थबकले. "तू फोनवर काय म्हणालास?"

"आस सुटली, म्हनलो. दुसरा काय म्हनू?"

वामनरावांना हसू फुटलं. "अरे, त्याला वाटलं आशा सुटली!"

देवजी हसला नाही. "त्याला नाय कललं, ठीक. पन तुमी? सोताच्या गारीला पोचवाला भंगाराच्या टेम्पोत बसून आलाव! एक शबूद नाय बोललाव पोराला?"

वामनरावांचं हसू मावळलं.

"बेअरिंग कधी बसेल?"

"उद्या."

"मग गाडी इथून हलणार नाही." त्यांनी टेम्पोला हातानेच जा म्हणून खूण केली, चाचपत मोटारीचं पुढचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसले.

"बसू नका अजून!" देवजी कडाडला. "आदी पोराला फोन करा. मना तुमची मराठी येत नाय."