जोडीचं तिकीट

जत्रेच्या मैदानात नाटक कंपनीचा तंबू उभा राहिला की आमच्या निर्णा गावातून माणसं जीप भरभरून जातात. नाटक कानडी. घरात आम्ही मराठी बोलतो, पण भांडण आणि नाटक कानडीतच रंगतं. मायला या नाटकांचं भारी वेड. अलीकडे मात्र तिनं जाणं सोडलं होतं, कारण तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं. स्वस्त तिकिटाची जागा मागे, त्यात बायकांच्या बाजूला लेकरांची रडारड. "नुसती तोंडं हालताना बघून काय करू?" असं ती म्हणायची आणि मला फार वाईट वाटायचं.

यंदा कंपनीनं पाटी लावली. जोडीनं आलात तर एका तिकिटात दोघं, आणि बसायला पुढच्या खुर्च्या. एरवी त्या खुर्च्या आमच्या आवाक्यातल्या नाहीत. पुढे बसली की मायला ऐकू येईल, असा मी हिशोब केला आणि रविवारी दुपारच्या खेळाला मायला आणि वडिलांना, म्हणजे अप्पांना, घेऊन गेले.

खिडकीपाशी अप्पांनी पाटी वाचली आणि पाऊल मागे घेतलं. आमच्याकडे तंबूत मधोमध दोरी असते, इकडे बाया, तिकडे गडी. रस्त्यानंही अप्पा पुढे आणि माय मागे. पूजेचा पाट सोडला तर दोघांना शेजारी बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

"ह्या वयात जोडीनं बसावं? समदं गाव आलंय. तुमी दोघी बसा, मी मागं ऱ्हातो," अप्पा म्हणाले.

मी खिडकीत डोकं घातलं. "आमी मायलेकी बसतो जोडीनं."

"न्हाई अक्का," तिकीटवाला म्हणाला. "जोडी म्हंजे नवरा-बायकू."

"कामून? मायलेकी जोडी न्हाईत व्हय? अन् जिचा नवरा गेलाय तिनं काय करावं?"

"मालकाचा रूल हाय."

रूल! माझं डोकंच फिरलं. सवलत द्यायची तर हात सैल सोडून द्यावी. एका हातानं देऊन दुसऱ्यानं काढून घ्यायची, यात कसला आलाय मोठेपणा? मी त्याला बरंच काही सुनावलं. मागची रांग हसत होती. मायला शब्द कळत नसले तरी भांडण कळत होतं. तिनं माझा दंड धरला.

"चल बाई, घरी जाऊ. बघितल्यात की लई नाटकं."

ते अप्पांनी ऐकलं. मग मला बाजूला सारून खिडकीत म्हणाले, "दे रं, जोडीचं दे."

आत दोघांनी मधे एक खुर्ची सोडली आणि अप्पांनी तिच्यावर आपला टॉवेल ठेवला. दारावरचा माणूस धावत आला. "काका, लागून बसा. मधली खुर्ची दुसऱ्याला लागती." अप्पा मान खाली घालून सरकले. मी साध्या तिकिटावर मागे बायकांत जाऊन बसले.

नाटक सुरू झालं. पहिल्याच विनोदाला सगळा तंबू हसला. माय हसली नाही. तिनं अप्पांकडे बघितलं. एवढं भांडून तिला पुढे बसवलं, आणि तिथंही ऐकू येईना.

अप्पा तिच्या कानाशी वाकले, काहीतरी पुटपुटले. ऐकू आलं नाही म्हणून तिनं मान हलवली. ते पुन्हा वाकले. तिनं पुन्हा मान हलवली. मग अप्पा शेतात हाक मारावी तसे ओरडले, "जावई म्हनायलाय, एकच दिस ऱ्हातो! अन् संगट म्हैस घिऊन आलाय!"

दोरीच्या दोन्ही बाजूंच्या माना वळल्या. आमच्या गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. अप्पांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

त्या दुपारी मग तसंच चाललं. तंबू हसायचा, अप्पा मायच्या कानाशी वाकायचे, आणि सगळे गप्प झाल्यावर माय एकटीच खदखदून हसायची. ती हसल्याशिवाय अप्पा नाटकाकडे बघत नव्हते.