लाल दोरी, पांढरी दोरी

माझ्या भावाला घाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि मला घाईशिवाय दुसरं काही येत नाही. मी पडदे शिवते. मशीनवर बसले तरी पाय हलत असतो. तो माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, पण जिना उतरतानाही आधी पायरीकडे बघायचा, मग पाऊल ठेवायचा. सैन्यात नऊ वर्षं जमिनीतले सुरुंग काढले, तिथली ही सवय, असं सगळे म्हणायचे. मी म्हणायचे, मुळातच गोगलगाय आहे.

असा माणूस चौतिसाव्या वर्षी, भरदुपारी, लेकीला आणायला गेला आणि शाळेच्या फाटकाशी कोसळला. हृदय बंद पडलं म्हणे. आधी साधी कळही आली नव्हती. सात महिने झाले, मला अजून राग येतो. कोणाचा, ते विचारू नका.

सैन्य सोडल्यावर तो विद्यापीठात संशोधन करत होता. विषय ऐकून मी हसले होते: सुरुंग काढलेल्या जमिनीवर लोक पुन्हा चालायला कधी लागतात? कागदावर जमीन मोकळी झाली तरी लोक वर्षानुवर्षं वळसा घालून जातात. मग पहिलं पाऊल कोण टाकतं, आणि का? गावोगाव फिरून त्याने माणसांना बोलतं केलं, ते बोलणं मोबाइलवर टिपलं आणि त्यातली एकेक गोष्ट चिठ्ठीवर उतरवली. चिठ्ठ्या खोलीभर जमिनीवर मांडलेल्या. रेकॉर्डिंगशी दोनदा ताडून पाहिलेल्या चिठ्ठ्यांभोवती पांढरी दोरी, राहिलेल्यांभोवती लाल. सुरुंगांच्या शेतात करायचा, तसंच. त्याची सहा वर्षांची लेक, आमची खारूताई, पांढऱ्या दोरीच्या कडेला बसून चित्रं रंगवायची, पण लाल दोरीजवळ पायाचा अंगठासुद्धा न्यायची नाही.

आणि मी? तो गेला त्या दिवशी, माणसं भेटायला येतील, बसतील कुठे, म्हणून झपाट्याने खोली आवरली. चिठ्ठ्यांचा एकच गठ्ठा बांधला आणि दोऱ्या गुंडाळून माझ्या दोऱ्यांच्या डब्यात टाकल्या. किती पटकन आवरलंत, असं कोणीतरी म्हणालंही.

महिन्याभराने त्याच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. "तपासलेल्या चिठ्ठ्या द्या, मी ते पूर्ण करते," त्या म्हणाल्या. "पदवी त्याच्याच नावाने मिळेल. फक्त न तपासलेली एकही चिठ्ठी नको. त्याला ते चाललं नसतं." भावजय हो म्हणाली आणि माझ्याकडे गठ्ठा मागितला.

कुठली चिठ्ठी कुठल्या दोरीतली, ते आता देवालाही सांगता आलं नसतं. तीन आठवडे मी आज देते, उद्या देते करत राहिले. जेवण जाईना. एका गिऱ्हाइकाच्या पडद्याचं अस्तर चक्क बाहेरच्या बाजूला शिवून दिलं. शेवटी एका सकाळी डबा आणि गठ्ठा घेऊन भावजयीसमोर उभी राहिले आणि सगळं ओकून टाकलं. "मी त्याचं काम मातीत घातलं गं," म्हणाले आणि रडले.

तिने माझ्या हातातला गठ्ठा घेऊन खाली ठेवला. बोलली ती खारूताई, बुटाची नाडी बांधता बांधता. "आत्या, दोरी हलली ना, की सगळी जमीन लाल. मग पहिल्यापासून बघायचं. बाबा सांगायचा."

"ताई, मी दिवसभर कामावर असते," भावजय हळूच म्हणाली. "पहिल्यापासून बघायला बसणार कोण?"

मायलेकी दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

तीनशे अठरा चिठ्ठ्या. प्रत्येक दोनदा. कानात त्याचा आवाज. पहिले चार दिवस एक ओळ ताडता आली नाही, नुसती उठत-बसत होते. मग हळूहळू जमायला लागलं. खोलीत लाल दोरी आखडत गेली, पांढरी पसरत गेली.

परवा एका म्हातारीचं बोलणं लागलं. तिची बकरी मोकळ्या केलेल्या शेतात शिरली आणि तिच्यामागे ही, बस्स. "विचार करायला वेळ कुठे होता रे?" असं म्हणून ती हसली आणि तिने उलट त्यालाच विचारलं, "तू सुरुंग काढायचास ना? मग तुझ्या शब्दावर कोणी चालायचं का?"

"माझी ताई," तो म्हणाला. "मी जमीन मोकळी आहे म्हटलं, की ती खाली बघणारसुद्धा नाही, धावत सुटेल. म्हणून तर मला दोनदा बघावं लागतं."

माझा पाय थांबला. मी खूप रडले. मग ते पुन्हा लावलं आणि चिठ्ठी ताडली. बकरीचं सगळं बरोबर होतं, दुसऱ्यांदाही बरोबर होतं. चिठ्ठी पांढऱ्या दोरीत ठेवली. त्याचं स्वतःचं उत्तर मात्र त्याने कुठेच उतरवलं नव्हतं. ते मी एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि दोनदा ताडून पाहिलं.